एका धुण्याचं तांब्याचं नाणं

बाळांनो, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने कॅमेऱ्यासमोर एक तांब्याची चकती धरली आणि विचारलं, "आजी, इज धिस रिअल मनी?" ती बाबांच्या टेबलाच्या खणात सापडली म्हणे. मागून तुमच्या बाबांचा आवाज आला, "ते आजीला विचारू नकोस." म्हणजे विचारायलाच हवं. थोरल्याचा प्रश्न तर जुनाच आहे: तुमच्या अ‍ॅशबर्नच्या घरात आमच्यासाठी बेसमेंट तयार करून ठेवलेलं असताना आम्ही दोघं इथे अ‍ॅरिझोनात, चँडलरला का राहतो?

दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. ते फोनवर सांगता येत नाही, कारण तुमचे आजोबा मधे मधे दुरुस्त्या सुचवतात. म्हणून लिहून काढते आहे. आईकडून वाचून घ्या. ती हसायला लागली तर थांबा, मग पुढे चला.

आमच्या इमारतीत घरोघरी वॉशिंग मशीन नाही. बारा घरांना मिळून खाली एक लाँड्री रूम आणि तिच्यात दोन मशिनं. मशीन जुन्या पद्धतीचं. वर एक पट्टी असते, तिला सहा खाचा. प्रत्येक खाचेत एक क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचं नाणं, उभं करायचं आणि पट्टी आत ढकलायची. सहाही खाचा भरलेल्या असल्या तरच ती आत जाते, नाणी खालच्या पेटीत पडतात आणि पाणी सुरू होतं. नोट चालत नाही, कार्ड चालत नाही, विनंती तर अजिबात चालत नाही.

करोनाच्या पहिल्या उन्हाळ्यात क्वार्टर मिळेनाशी झाली. लोक घरात बसले आणि नाणीही त्यांच्याबरोबर घरात बसली, कोणाच्या बरणीत, कोणाच्या गाडीच्या कप्प्यात. दुकानांवर पाट्या लागल्या: मोजून तेवढे द्या, नाहीतर कार्ड वापरा. बँकेत नाण्यांचा एक रोल मागितला तर काचेपलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, आमच्याकडेच नाहीत."

मला याचं फार नवल वाटलं नाही. आमच्या तरुणपणी सुट्या पैशांची टंचाई नेहमीचीच होती. वाणी सुट्या पैशांऐवजी श्रीखंडाच्या गोळ्या द्यायचा, आणि त्याच गोळ्या दुसऱ्या दिवशी त्याला परत दिल्या तर घ्यायचा नाही. मी एकदा तीन आठवड्यांच्या गोळ्या साठवून त्याच्याकडून मीठ मागितलं होतं. मीठ मिळालं नाही, पण त्यानंतर मला सुटे मिळायला लागले.

आजोबांनी मात्र धास्ती घेतली. त्याच संध्याकाळी त्यांनी साताऱ्याला धाकट्या भावाला फोन लावला.

"अरे, इथे फार वाईट अवस्था आहे. क्वार्टर मिळत नाही."

तिकडून भावजी म्हणाले, "दादा, इथेही दुकानं बंदच आहेत. पण तू कधीपासून?"

"मी नाही रे, हिला लागतात. दर आठवड्याला सहा."

तिकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला. मग भावजी हळूच म्हणाले, "वहिनींना म्हणावं, वयाचा विचार करा." साताऱ्याला क्वार्टर म्हणजे वेगळी वस्तू. काय ते बाबांना विचारा. अजूनही तिकडचे काही नातेवाईक माझी चौकशी जरा हळुवार आवाजात करतात.

हाताने का नाही धुतलं, असं तुम्ही विचाराल. धुतलं. दोन आठवडे टबमध्ये चादरी धुतल्या आणि उजवं मनगट सुजलं. हे मी तुमच्या बाबांना सांगायला नको होतं. ते म्हणाले, "आई, बस झालं. पुढच्या महिन्यात तुमचं लीज संपतंय ना? रिन्यू करू नका. बेसमेंट तयार आहे, वॉशर-ड्रायरसकट."

बेसमेंट छान आहे, मी पाहिलं आहे. गालिचा आहे, मोठा टीव्ही आहे. खिडकी मात्र छताला लागून आहे आणि तिच्यातून लॉनच्या गवताची मुळं दिसतात. सत्तरी ओलांडल्यावर जमिनीखाली राहायला जायची मला घाई नव्हती. इथे माझं स्वयंपाकघर आहे, इमारतीच्या दारात संत्र्याचं झाड आहे, आणि सकाळी सहाला चालायला गेलं की दहाजण विचारतात, काकू, आज काय केलंत. मी म्हटलं, "लीज रिन्यू होणार. धुण्याचं आम्ही बघतो."

"कसं बघणार?"

"पद्धतशीर," मी म्हटलं.

आमच्या अपार्टमेंटच्या ऑफिसातल्या मॅनेजरबाई गोल्फ कार्टमधून सगळीकडे फिरतात. मशिनांच्या पेट्यांची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी ठरवलं की दर शुक्रवारी पेटीतली नाणी बाहेर काढून त्या त्या इमारतीतल्या एका जबाबदार माणसाकडे द्यायची आणि त्याने ती घरोघरी बदलून द्यायची. आमच्या इमारतीसाठी त्यांनी मला निवडलं, कारण मशिनातला कचरा न काढणाऱ्यांविरुद्ध मी त्यांना चार टाइप केलेली पत्रं पाठवली होती, मुद्द्यांना क्रमांक घालून.

शुक्रवारी मी जिन्याखाली टेबल मांडलं. पहिल्याच दिवशी सात घरांना पुरतील एवढीच नाणी निघाली. उरलेल्या पाच घरांना मी चिठ्ठ्या दिल्या: "एक धुणं. पुढच्या शुक्रवारी पहिला हक्क." चोख काम. पुढच्या शुक्रवारी त्या पाचांपैकी तिघांच्या चिठ्ठ्या खिशात राहून धुतल्या गेल्या होत्या. हाताने बादलीत म्हणे. खालच्या मजल्यावरची नागपूरची मुलगी, जिला तेव्हा चार महिन्यांचं बाळ होतं, तिने माझ्यासमोर एक काळी पँट धरली. तिच्यावर पांढरा कीस चिकटला होता.

"काकू, हे बघा. हा तुमचा पहिला हक्क."

मी आजोबांना म्हटलं, "कागद चालणार नाही. धुतलं तरी टिकेल असं काहीतरी हवं."

आजोबा पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये होते, हे तुम्हाला माहीत आहे. निवृत्तीनंतर त्यांचं घरातलं जे जे स्क्रूने बसवलेलं होतं ते सगळं दोनदा काढून बसवून झालं होतं. ते उठले आणि कपाटामागून तांब्याचा पत्रा काढला. तो त्यांनी कधी आणला होता आणि मला का सांगितलं नव्हतं, हा विषय मी त्या दिवशी काढला नाही.

मीही माझ्या बाजूने अभ्यास केला. लायब्ररीच्या वेबसाइटवर वाचलं तर याच देशात यादवी युद्धाच्या वेळी लोकांनी नाणी अशीच दडवून ठेवली होती आणि दुकानदारांनी स्वतःची तांब्याची नाणी काढली होती. कोणी खाटकाने, कोणी दारूवाल्याने. ती चाललीही. शेवटी सरकारने कायदा करून ती बंद केली. हे मी तुमच्या बाबांना अभिमानाने सांगितलं. त्यांनी फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

"आई, ते फेडरल आहे. तुम्हा दोघांना डिपोर्ट करतील."

"आम्ही सिटिझन आहोत."

"तरी करतील."

आजोबांनी पोलादाचा ठसा कोरायला घेतला. एका बाजूला "धुणं १" असं ठरलं. दुसऱ्या बाजूला काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी भाजी चिरत होते. मी वर न बघता म्हटलं, "श्री."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. आम्ही काहीही लिहायला घेतलं की कागदाच्या माथ्यावर आधी श्री लिहितो. पत्र असो, किराण्याची यादी असो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथल्या सिस्टर माझ्या बीजगणिताच्या वहीवरची श्री लाल पेनने खोडायच्या आणि मी ती पुढच्या पानावर आणखी बारीक लिहायची. सवयच ती. देवाचं नाव घ्यावं असा त्यात विचार नव्हता, जसा तुम्ही ईमेलच्या वर "हाय" लिहिता तेव्हा नसतो.

आजोबांनी ती श्री चार दिवस खपून उलटी कोरली, म्हणजे उमटल्यावर सुलटी दिसेल. अशी श्री मी छापील पंचांगावरही पाहिली नाही. चकती क्वार्टरपेक्षा मोठीच हवी, चुकूनही मशिनच्या खाचेत जाता कामा नये, असं मी बजावलं होतं. तीही त्यांनी मोठीच केली. वीस चकत्या पाडल्या. बाल्कनीत हातोडीचे घाव पडायला लागल्यावर वरच्या मजल्यावरून पुण्याचा एक अविवाहित इंजिनिअर वाकून बघू लागला. तो चिपच्या कारखान्यात काम करतो. म्हणाला, "काका, आमच्याकडे धुळीचा कण आला तर अख्खी बॅच फेकतात, आणि तुम्ही हे वरवंट्याने करताय?"

"हातोडी आहे ती," आजोबा म्हणाले. "आणि तुझी चिप धुतली तर टिकेल का?"

पहिल्या शुक्रवारी मी चकत्या वाटल्या: एक आणून द्या, सहा क्वार्टर घेऊन जा. सगळ्यांना त्या फार आवडल्या. मीही खूश होते. आठवड्याच्या आत इंजिनिअरने एका चकतीला डबाभर चकल्या घेतल्या. नागपूरच्या मुलीने दोन चकत्यांना तासभर बाळ सांभाळून घेतलं. एक चकती म्हणजे एक धुणं, हे सगळ्यांना मान्य झालं होतं.

दुसऱ्या शुक्रवारी मी टेबल मांडलं, क्वार्टरचे सहा-सहाचे ढीग लावले आणि बसले. चकती घेऊन कोणी आलंच नाही.

अर्ध्या तासाने नागपूरची मुलगी रिकाम्या हाताने आली. "काकू, नाणी द्या ना. बाळाच्या दुपट्यांचा ढीग झाला आहे."

"चकती कुठे आहे?"

ती घुटमळली. "देवाजवळ आहे जी."

"देवाजवळ कशाला?"

"आता काय सांगू काकू. परवा ती लाँड्री रूममध्ये पडली अन् माझा पाय लागला. मी तिथंच वाकून नमस्कार केला. मग मनात आलं, बाप्पा, यावर श्री आहे, आणि मी हे चड्ड्या-बनियन धुवायला कशी वापरू? तुम्हीच सांगा."

मी इंजिनिअरला बोलावलं. तो म्हणाला, "माझी पाण्यात आहे. तांब्याचं पाणी पोटाला चांगलं असतं. आईने सांगितलंय, तांब्याचा तांब्या घे. इथे तांब्या मिळाला नाही, म्हणून तांबंच बाटलीत टाकलं." बाकीच्यांचीही हीच तऱ्हा. एकाने कलशाखाली ठेवली होती, एकीने नव्या गाडीच्या डॅशबोर्डवर चिकटवली होती, कोपऱ्यातल्या तेलुगू कुटुंबाने हळदकुंकू लावून तांदळाच्या डब्यात. वीसच्या वीस चकत्या बारा घरांत नीट बसल्या होत्या. क्वार्टरची टंचाई दूर करायला काढलेल्या नाण्याची टंचाई झाली होती. आणि मी नियम केला होता की चकती दिल्याशिवाय क्वार्टर नाही. टेबलावर नाणी पडून होती, घराघरांत मळकट कपडे पडून होते.

"नियम तुझाच आहे," आजोबा म्हणाले. "बदल की."

"नियम असा बदलता येत नाही."

"मग श्री बदल."

ते त्यांना बोलायला सोपं नव्हतं. ठसा त्यांनी जुन्या बनियनमध्ये गुंडाळून ठेवला आणि नव्या चकत्यांवर दोन्ही बाजूंना "धुणं १" छापायला घेतलं. पत्रा मात्र थोडाच उरला होता. बारा चकत्या बसवायच्या तर त्या लहान करणं भाग होतं. "क्वार्टरएवढ्या होतील," आजोबा म्हणाले. मी तेव्हा फोनवर होते आणि हात हलवून हो म्हटलं. माझ्याच सूचनेविरुद्ध मी हो म्हटलं, हे इथे लिहून ठेवते.

नव्या चकत्या कोणी देवाजवळ ठेवल्या नाहीत. दोन आठवडे सगळ्यांचे कपडे धुतले गेले. लीज संपायला आठ दिवस उरले होते. तेवढ्यात ऑफिसचा एक कागद दारोदारी लागला: दुसऱ्या एका इमारतीत कोणीतरी मशिनमध्ये वॉशर घातले आहेत, कपडे धुणारे नव्हे, नटबोल्टचे. यापुढे नाण्याखेरीज काहीही मशिनमध्ये घालणाऱ्याचं लीज वाढवून मिळणार नाही. मी तो कागद वाचून वर पेन्सिलीने "योग्य" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चादरी घेऊन खाली गेले. बाहेर भट्टी, आत एसी, तोंडावर मास्क. चष्म्यावर वाफ जमली ती जाईना. लाँड्रीतला दिवा पिवळा. बटव्यातून चाचपत सहा नाणी काढली, सहा खाचांत उभी केली आणि पट्टी ढकलली. ती अर्धी आत गेली आणि थांबली. पुढे जाईना, मागे येईना. चष्मा पुसला. चौथ्या खाचेत तांबूस कड होती, आणि पट्टीच्या फटीतून "धुणं" एवढंच दिसत होतं.

मी चादरी घेऊन वर आले आणि आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "किती अर्धवट? पाव इंच की जास्त?" मी म्हटलं, मला रडू येतंय. ते म्हणाले, "मग जास्त असेल."

कोणीतरी ऑफिसला कळवलं असावं; तासाभरात गोल्फ कार्ट आलं. लाँड्री रूमबाहेर आम्ही सगळे सहा-सहा फुटांवर उभे होतो, वाकड्या रांगेत. मॅनेजरबाईंनी पट्टीकडे पाहिलं आणि विचारलं, हे कोणी केलं. मला दिसत होतं ते बेसमेंट. छताजवळची खिडकी आणि गवताची मुळं.

"मी," नागपूरची मुलगी म्हणाली.

"नाही, मी," इंजिनिअर म्हणाला. तो शनिवारीच दुसऱ्या घरात राहायला जाणार होता, त्याला लीजचं काही पडलं नव्हतं.

"मी," आजोबा म्हणाले, आणि इंग्रजीत पुढे म्हणाले, "आय मेड इट." ते कबुली देत नव्हते, माल कोणाचा ते सांगत होते.

तीस वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आले की चूक कोणाची ते उभं राहून सांगा. उभी तर होतेच. इंग्रजीत चूक कबूल करायची वेळ आली की मी कर्मणी प्रयोग वापरते. तो थोडा मागे उभा राहिल्यासारखा असतो. मी म्हटलं की नाणं माझ्याकडून घातलं गेलं, चष्म्यावर वाफ जमल्यामुळे.

मॅनेजरबाई चौघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. मग म्हणाल्या की मशिनवाल्या कंपनीचा माणूस तीन आठवडे येणार नाही, आणि आता सगळ्यांना एकाच मशिनवर भागवावं लागेल. असं म्हणत त्यांनी पेटी उघडायला किल्ल्यांचा जुडगा बाहेर काढला. त्याला एक तांब्याची चकती लटकत होती. भोक पाडलेली, श्रीवाली.

आजोबा दोन पावलं पुढे गेले. सहा फुटांचे चार झाले. "हे कुठून मिळालं?"

बाईंनी नागपूरच्या मुलीकडे बोट केलं. तिने म्हणे सांगितलं होतं की हे जवळ असलं की चांगलं होतं, आणि त्याच दुपारी गोल्फ कार्टची हरवलेली किल्ली सापडली होती. तेव्हापासून बाई ती जुडग्यातून काढत नव्हत्या.

आजोबांनी चकती हातात घेतली, अंगठा कडेवरून फिरवला. "ही पहिल्या पाचातली. कड नीट घासली नव्हती. द्या, घासून देतो. आणि एक स्क्रूड्रायव्हर असेल तर ते मशीनही बघतो."

बाईंनी क्षणभर विचार केला आणि गोल्फ कार्टमधून हत्यारांची पेटी आणली. आजोबांनी अर्ध्या तासात पट्टी सोडवली. आत माझी चकती निघाली, एक कॅनडाचं नाणं निघालं, आइस्क्रीमची अर्धी काडी निघाली, आणि एक सुपारी, जिच्याबद्दल आजवर कोणी तोंड उघडलेलं नाही. पट्टी तेल घालून त्यांनी दहा वेळा आत-बाहेर केली. मग शेजारचं मशीनही उघडलं. त्याला काही झालं नव्हतं, पण हातासरशी. पुढच्या सोमवारी बाई त्यांना कार्टमध्ये बसवून दुसऱ्या इमारतीत घेऊन गेल्या. ते पुढच्या सीटवर बसून मला हात हलवत होते.

लीज आलं. बारा पानं. शेवटच्या पानावर सहीच्या वर बाईंनी हाताने एक ओळ वाढवली होती: भाडेकरूंनी नाणी पाडू नयेत. मी तिच्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या. त्याची प्रत तुमच्या बाबांना पाठवली.

बाबांचा फोन आला. "आई, हे शेवटच्या पानावर काय आहे?"

"अट आहे."

"अशी अट कोणाच्याही लीजमध्ये नसते."

"आम्ही मान्य केली आहे."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाचली. मग म्हणाले, "निदान एक मला पाठव." मी आमच्या देव्हाऱ्यातली श्रीवाली पाठवली. हो, आमच्याही देव्हाऱ्यात एक होतीच. बेसमेंटमध्ये त्यानंतर पिंगपाँगचं टेबल आलं, आणि मी ऐकते की थोरला फार चांगलं खेळतो.

तर धाकटे, ते खरे पैसे नाहीत. पण त्यावर "धुणं १" लिहिलं आहे आणि ते मी दिलेलं आहे. नियम अजून तोच आहे. उन्हाळ्यात इथे याल तेव्हा चकती घेऊन ये आणि मळलेले कपडे आण. सहा क्वार्टर मी काढून ठेवली आहेत, आणि ती खाचेत घालायच्या आधी चष्मा पुसायचं काम तुझ्याकडे.